तुऱ्हाटीवरचे पंधरा मैल

त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. पेट्रोल घालायचं तर ड्रायव्हरनं खाली उतरायचं, गादी उचलायची, झाकण फिरवायचं. म्हणजे ज्या गोष्टीची मला दिवसभर धास्ती असायची, तिच्यावरच मी दिवसभर बसलेला असायचो. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली गाडी ती. स्टेअरिंग डाव्या बाजूला, रंग उडालेला, आणि पेट्रोल दाखवणारा काटा कायमचा आडवा पडलेला. मैल मोजणारे आकडे मात्र ठणठणीत. ते बंद असते तर किती बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

काटा नाही म्हणून काडी. ठेकेदारसाहेबांनी ती स्वतः बनवली होती. तुरीच्या वाळलेल्या झाडाला वऱ्हाडात तुऱ्हाटी म्हणतात. त्यातली एक सरळ काडी सोलून तिच्यावर तापल्या तारेनं खुणा डागलेल्या, एका खुणेला एक गॅलन. सकाळी पेट्रोल ओतून निघताना एकदा आणि संध्याकाळी आल्याबरोबर एकदा काडी टाकीत जायची. पेट्रोल लगेच उडतं, त्यामुळे ओल कुठपर्यंत आली ते झटकन बघावं लागे. साहेब काडी डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं आकडा सांगत आणि फाटकाजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहीत. दिवसाचे मैल भागिले दिवसाचं पेट्रोल. उत्तर पंधरा यायला हवं होतं. यायचं अकरा.

हे वाशीमचं सांगतो आहे. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि महाराष्ट्र व्हायला अजून काही वर्षं होती. साहेब रस्त्यांवरच्या मोऱ्या बांधायचे ठेके घेत. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि बोलताना उर्दू आणि वऱ्हाडी अशी मिसळलेली की कुठे काय संपलं ते कळू नये. त्यांच्या अंगणात दगड, वाळू, चुन्याची घाणी, आणि चुन्याच्या कोठीला लागून माझी खोली.

मी मूळचा देवगडकडचा. सहावीत शाळा सुटली. मोठा भागाकार मला तेव्हाही येत नव्हता आणि पुढे शिकायची वेळ आली नाही. ट्रकवर क्लीनर, मग ट्रकवर ड्रायव्हर, असं करत देवळालीला लिलावातल्या गाड्या हलवायच्या कामावर लागलो होतो. साहेबांनी तिथे ही जीप घेतली आणि त्यांनी ठरवलेला ड्रायव्हर आलाच नाही. मी जवळ उभा होतो. “वाशीमलोक नेशील का?” त्यांनी विचारलं. वाशीमलोक म्हणजे वाशीमपर्यंत हे अंदाजानं ओळखलं, पण वाशीम कोणत्या दिशेला आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं. तीन दिवसांच्या प्रवासात त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तू शिकलास किती. आतापर्यंत प्रत्येकानं हाच प्रश्न आधी विचारला होता.

वाशीमला पोचल्यावर म्हणाले, “आता कुठी जातं? राह्य न अथीच.” मी राहिलो. पहिल्याच महिन्यात मला ताप आला, तर त्यांच्या थोरल्या बहिणीनं, त्यांना सगळे आपा म्हणत, चार दिवस पडद्याआडून मुगाची खिचडी पाठवली. कोकणातल्या माणसाला भाकरी जड जाते हे कळल्यावर त्या ज्वारीच्या मुलखात माझ्यासाठी वेगळा भात शिजू लागला. साहेबांनी मला भागाकार शिकवला, तोही त्याच भिंतीवर, कोळशानं, हातात हात धरून. आणि माझं लायसन त्यांनी आपल्या लोखंडी पेटीत ठेवलं. “तुह्या खोलीत उंदीर खातीन,” म्हणाले. खरंच खाल्लं असतं. पण एकदा प्रेमानं ठेवून घेतलेली वस्तू परत कशी मागायची, हे मला सुचेना. मी घरी पत्र टाकलं की मी इथे कायम झालो. आईनं देवीला नारळ दिल्याचं उत्तर आलं. त्यानंतर परत जायचा रस्ताच मिटला.

अशात एका संध्याकाळी अकरा लिहून झाल्यावर साहेब कोळसा हातात तसाच धरून म्हणाले, “उस्ताद, अकरा मैलात मले हे गाडी पुरत नाई. धनजच्या दोन मोऱ्यायचं काम समोर आलं हाये. गाडीनं पंधरा दिले तं घेतो. नाई तं इकून टाकतो. आपली बैलबंडीच बरी.”

“आणि मी?” असं मी विचारलं नाही. बंडीला ड्रायव्हर लागत नाही.

मग जाता जाता हसून म्हणाले, “पाह्य बरं, हे पेट्रोल गाडी पेऊन राह्यली का तू पेऊन राह्यला?”

ते थट्टेनं म्हणाले होते. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून मी गाडी चालवायची सोडून पेट्रोल वाचवायला लागलो. तेव्हा आमचं काम मेडशीजवळ होतं, वाशीमहून वीस-एक मैल. जीपला चारही चाकं ओढायची सोय असते. नाल्यातून निघालो की पुढच्या चाकांचा दांडा त्याच क्षणी सोडायचा, नाहीतर गाडी उगाच पेट्रोल खाते, हे मी जपू लागलो. हवेची जाळी रोज धुवायची. टायर कडक ठेवायचे. वारा अडू नये म्हणून समोरची काच बॉनेटवर पाडून ठेवायची. साहेबांच्या आणि माझ्या तोंडात रस्त्यावरची सगळी धूळ. बैलबंडी आडवी आली तर ब्रेक लावायचा नाही, दुरूनच गाडी मंद करत न्यायची, म्हणजे पुन्हा वेग घ्यायला नको. मागची मोकळी पेटी, हूड, जादा दोरखंड सगळं उतरवून ठेवलं.

आणि उतार. मेडशीच्या अलीकडे रस्ता बराच खाली उतरतो. माथ्यावर पोचलो की मी गाडी न्यूट्रल करून इंजिनच बंद करायचो. मग नुसता टायरांचा आवाज. साहेब शेजारी दोन्ही हातांनी दांडी धरून बसत. उतार संपत आला, गाडी मंदावू लागली, की आम्ही दोघंही न ठरवता पुढे झुकायचो. जणू आमच्या वजनानं ती आणखी दहा हात जाणार होती. मोरीवर गवंड्यांचा मुख्य मिस्त्री उभा असायचा. मेडशीचाच, पन्नाशीचा, सदा गालात तंबाखू.

“काय रे कोकण्या,” तो लांबून ओरडायचा, “आज इंजन घरीच ठेवून आला का?”

एकदा त्याच उताराच्या पायथ्याशी एक म्हातारी हात करून रस्त्यात उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबड्या. साहेब त्या दिवशी सोबत नव्हते, शेजारची जागा मोकळी. थांबलो असतो तर गेलेला वेग परत येत नव्हता, इंजिन चालू करून पहिल्यापासून ओढावं लागलं असतं. मी तिला वळसा घालून गेलो. “अरे थांब ना रे बाप्पा! रिकामी मोटार कायले पयवतं?” ती मागून ओरडली. इंजिन बंद होतं, त्यामुळे तिचं शेवटपर्यंत सगळं ऐकू आलं. कोंबड्यांचंही.

संध्याकाळी काडी टाकली. अकरा.

मला वाटू लागलं की दोष माझ्या पायात आहे. चांगल्या ड्रायव्हरचा पाय हलका असतो म्हणतात. मी शाळा सोडलेला, माझा पायही तसलाच. कधी वाटे भागाकार चुकतो आहे. पण भागाकार साहेबांचा होता, त्यावर शंका कुठल्या तोंडानं घ्यायची? अंगणाच्या फाटकातून आत येताना मी गाडी उगाच हळू करायचो. आत गाडी उभी केली की काडी, भिंत, आणि मग आपांचा भात. तो भात गिळताना मला लाज वाटायची.

मग एक दिवस साहेब एस.टी.नं अकोल्याला गेले. सकाळी निघायच्या आधी, पेट्रोल ओतण्यापूर्वी, मी सहज काडी टाकून बघितली. आदल्या संध्याकाळी साहेबांनी माझ्यासमोर तीन गॅलन सांगितले होते. आता काडी साडेतीनच्या वर ओली.

मी तीनदा टाकली. तीनदा तेच.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की कुणीतरी गुपचूप पेट्रोल घालतं आहे. माझी नोकरी राहावी म्हणून. पण माझ्यासाठी कोण घालणार? मला एकदम मिस्त्रीच आठवला, कारण तो त्या आठवड्यात साहेबांकडेच कोठीच्या दुरुस्तीला आला होता. थोड्या वेळानं तो आला तेव्हा मी त्याचे हातच धरले. “मिस्त्रीभाऊ, तुमचे उपकार—”

“कायचे उपकार?”

मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला तंबाखू थुंकावी लागली. “अबे, मले काय घरी पेट्रोलची ईर लागली?” विहिरीला तिकडे ईर म्हणतात. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. “काल संध्याकाळी गाडीचं तोंड कुठी होतं?”

“कोठीकडे. आलो तशीच सरळ आत.”

“अन् आता फाटकाकडे हाये. काहून?”

“काडी टाकून झाली की मी इंजिन गरम आहे तोवर फिरवून ठेवतो. सकाळी गार इंजिनावर मागेपुढे करायला लागलं तर पेट्रोल जातं.”

त्यानं घमेल्यात पाणी घेतलं, फरशीवर ठेवलं, आणि मला बोटानं दाखवलं. एका कडेला पाणी बोटभर जास्त चढलेलं. अंगणाला उतार होता. पावसाचं पाणी नालीत जावं म्हणून साहेबांनी स्वतः दोरी लावून तो उतार काढला होता. “माह्या आंगनात पान्याचा थेंब थांबत नाई,” असं आल्या-गेल्याला सांगायचे. आणि जीपच्या टाकीचं तोंड मधोमध नाही, एका कडेला. गाडी आत तोंड करून उभी असली की ती कड वर, काडी कमी दाखवणार. फाटकाकडे तोंड असलं की ती कड खाली, काडी जास्त दाखवणार. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. म्हणजे रोज जवळजवळ पाऊण गॅलन मी जाळलंच नव्हतं, आणि ते माझ्या नावावर भिंतीवर चढत होतं.

“साहेबायले सांगू नको एवढ्यात,” मिस्त्री म्हणाला. “पुऱ्या तालुक्याचं पानी वाहून नेते तो मानूस. त्याले त्याच्याच आंगनाचा उतार दाखवतं का तू?”

सांगायला हवं होतं. निदान दोन्ही वेळा गाडी एकाच बाजूनं उभी केली असती तरी खरा आकडा निघाला असता. तो मी त्या दिवशी चोरून काढला: चौदा. पंधराला एक कमी. त्या एका मैलापायी मला देवगडचा रस्ता दिसू लागला. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी गाडी मागे घेत आत आणू लागलो, तोंड फाटकाकडे. काडी टाकून झाली की फिरवायचो, तोंड कोठीकडे. आता काडी सकाळी कमी दाखवणार, संध्याकाळी जास्त. “सकाळचं ऊन टाकीवर नको, साहेब. पेट्रोल उडतं,” असं सांगितलं. त्यांना पटलं. मी सांगितलेलं त्यांना पटायचं, हेच वाईट होतं.

काडी म्हणाली सतरा.

साहेबांनी तीन दिवस विश्वास ठेवला नाही. चौथ्या दिवशी मला छातीशी धरलं. “शाबास, उस्ताद! पाय हलका झाला तुहा.” आतून आपांनी शेवयांची खीर पाठवली. मी ती खाल्ली. धनजचं काम त्यांनी घेतलं, आणि जागा बघायला जायचा दिवस ठरला.

जायच्या सकाळी त्यांनी स्वतः हिशेब मांडला. कारंज्यावरून धनज, येऊन-जाऊन शंभर मैल. सतरानं सहा गॅलन पुष्कळ झालं. सहाच्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतून टिन बाजूला ठेवलं.

“साहेब, एक टिन मागे ठेवू का?” मी विचारलं. “लांबचा रस्ता आहे.”

“सतरा देऊन राह्यली ना?”

“हो.”

“मंग? ओझं कायले? तूच म्हन्तं ना, ओझं पेट्रोल खाते.”

मी सीटवर बसलो.

जाताना काही झालं नाही. धनजला नाल्याकाठी साहेब जागा बघत फिरले, तोवर तिथला एक म्हातारा चौकीदार गाडीजवळ राखणीला बसला. त्यानं आम्हाला मडक्यातलं पाणी दिलं, मला पुन्हा पुन्हा विचारलं, “कुठचा रे भाऊ तू? समुद्र म्हन्जे किती मोठा?” साहेबांनी त्याला मोरीच्या कामावर राखणीला ठेवायचं कबूल केलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. परतताना मी प्रत्येक उताराला इंजिन बंद केलं. मंगरूळ मागे पडलं. वाशीम पाच-सहा मैल राहिलं असेल, सपाट रस्ता, दोन्हीकडे कपाशी, ऊन अजून चांगलं होतं, आणि गाडी दोनदा ठसकली आणि उभी राहिली.

साहेबांनी मला उतरवलं, गादी उचलली, काडी टाकली. कोरडी. पुन्हा टाकली. कोरडी.

त्यांनी काडी बोटानं पुसून बघितली. मग म्हणाले, “त्या बुढ्यानं काढलं.”

“कुणी?”

“धनजच्या चौकीदारानं. आपन नाल्यात होतो तवा. पानी पाजत होता हरामखोर, अन् इकडे नळी लावली. त्याले कामावर ठेवतो म्हटलं होतं मी! उद्याच निरोप धाडतो.”

मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. मला ते मडकं दिसत होतं.

“साहेब, त्यानं नाही काढलं. शंभर मैलांना सहा गॅलन पुरणारच नव्हतं.”

“सतरा देऊन राह्यली होती ना?”

“काडी चुकत होती.” मग मी सगळं सांगितलं. टाकीचं तोंड, गाडी फिरवणं, अंगणाचा उतार. साहेब शेवटी फक्त म्हणाले, “माह्यं आंगन?”

“हो.”

“किती दिवसापासून?”

“दहा दिवस मी मुद्दाम केलं. त्याच्या आधी मलाही माहीत नव्हतं. खरा आकडा चौदा आहे.”

त्यांनी काडी खिशात ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मागून एक रिकामी बंडी आली. बंडीवाल्यानं जीपला दोरी बांधली, साहेब त्याच्या बंडीत बसले, आणि मी एकटा स्टेअरिंग धरून बैलांमागून निघालो. बंडीवाला दर फर्लांगाला मागे वळून बघायचा. “काय भाऊ, हे किती पेते? माहे तं एक बादली पानी पेतात अन् चाल्ले!” साहेब हसले नाहीत. दिवे लागायच्या आधी आम्ही वाशीमला पोचलो.

तीन दिवस जीप अंगणात तशीच उभी. मला काम नाही, बोलणं नाही. भात मात्र दोन्ही वेळा येत होता, आणि तो नसता आला तर मला बरं वाटलं असतं. मी ट्रंक भरून ठेवली. लायसन पेटीत, पेटी साहेबांच्या खोलीत. ते मागायला जायचं तर उंबऱ्याशी उभं राहून काहीतरी बोलावं लागणार. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्री दोन मजूर घेऊन आला. चार चौकोनी घडीव दगड, चुना, दोरी, आणि लाकडी पट्टीतली पाणसळ, जिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. मी खोलीच्या दारातून बघत होतो. साहेब बाहेर आले.

“मिस्त्री, हे आंगन कोनं टाकलं?”

“तुमीच.”

“उतार बराबर हाये?”

“एकदम बराबर. पानी थांबत नाई.”

“तं उतार राहू दे. मधात चार दगड बसव. चारी एका पातळीत. चाकायचं माप घे अन् बसव.”

मिस्त्रीनं माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. गाडी विकायची असती तर चाकांचं माप कशाला घेतलं असतं? हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दुपारपर्यंत दगड बसले. साहेब गुडघ्यावर बसून प्रत्येक दगडावर स्वतः पाणसळ ठेवून बघत होते. चुना वाळायला दोन दिवस गेले. मग त्यांनी मला हाक मारली, त्या आठवड्यातली पहिली. “उस्ताद, चढव.”

चार चाकं चार दगडांवर एकदम आणणं सोपं नाही. मी दोनदा घसरलो. मिस्त्री ओरडत होता, “डाव्या अंगाले, कोकण्या, डाव्या!” तिसऱ्यांदा चाकं बसली. दुसऱ्या दिवशी मेडशीला जाऊन आलो. मिस्त्रीला विचारून त्या कोंबड्यांच्या म्हातारीची वाट बघितली, पण ती दिसली नाही. संध्याकाळी गाडी दगडांवर चढवली, साहेबांनी काडी टाकली, आणि कोळसा मला दिला. भागाकार मी केला. चौदाला थोडा कमी.

अकरांच्या आणि सतरांच्या रांगा भिंतीवर तशाच होत्या. त्यांच्याखाली मी तेरा आणि वर थोडा अपूर्णांक लिहिला. तो कसा लिहायचा हे साहेबांनी दाखवलं. त्यांनी पंधराचं नाव काढलं नाही. मी लायसनचं नाव काढलं नाही. पुढे सहा वर्षं ते त्याच पेटीत होतं.

आत जाताना साहेब उंबऱ्यावर थांबले.

“उद्या धनज. त्या बुढ्याले कामाचं सांगून येऊ,” ते म्हणाले. “दोन टिन मांगं ठेव.”